तैपै–शांघाय हवाई मार्ग

तैपै–शांघाय हवाई मार्ग हा तैवानमधील तैपै व चीनमधील शांघाय या शहरांना जोडणारा पूर्व आशियातील एक हवाई मार्ग आहे. दोन्ही शहरांमधील हवाई अंतर सुमारे ६९० किमी असून थेट विमान साधारणतः दीड तास हवेत असते. मात्र १५ डिसेंबर २००८ पूर्वी विमानांना या सरळ वाटेने जाता येत नसे. प्रवासाचा वेळ केवळ भौगोलिक अंतरावर ठरत नाही, याचे हा मार्ग ठळक उदाहरण आहे.

अंतर

हवाई अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला छेदते, तेव्हा बृहद्‌वृत्त मिळते. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट याच वृत्तावरून जाते. तैपै व शांघाय ही दोन्ही शहरे १२१.५° पूर्व रेखांशाच्या आसपास वसली आहेत, म्हणजे शांघाय तैपैच्या जवळजवळ थेट उत्तरेस आहे. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ६.२ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी असल्याने हे अंतर साध्या गुणाकारानेही काढता येते.

विमानतळांनुसार अंतर किंचित बदलते. ताओयुआन ते पुडोंग हे अंतर सुमारे ६७५ किमी, तर शहरांच्या अधिक जवळ असलेल्या सोंगशान व होंगछ्याओ या विमानतळांमधील अंतर सुमारे ६८० किमी आहे.

उड्डाणाचा वेळ

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर ५०–५५ मिनिटांत कापले जाईल. प्रत्यक्षात विमानाला उंची गाठण्यास व खाली उतरण्यास वेळ लागतो आणि ठरलेल्या हवाई वाटांनीच जावे लागते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल धरून वेळापत्रकात पावणेदोन ते दोन तास दाखवले जातात. मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे पश्चिमी वाऱ्यांमुळे जाण्या-येण्याच्या वेळेत पडणारा फरक पूर्व-पश्चिम मार्गांच्या तुलनेने कमी असतो. दोन्ही शहरांची प्रमाणवेळ एकच आहे.

इतिहास

१९४९ मध्ये चिनी यादवी युद्धानंतर तैवान व मुख्य भूमी यांच्यातील थेट दळणवळण बंद झाले. १९८७ च्या अखेरीस तैवानच्या रहिवाशांना मुख्य भूमीवरील नातेवाइकांना भेटण्याची परवानगी मिळाली. चार दशके ताटातूट झालेल्या कुटुंबांना त्यामुळे भेटता आले; परंतु त्यासाठी हाँग काँग किंवा मकाओ येथे विमान बदलावे लागे. हाँग काँगमार्गे हे अंतर सुमारे २,०६० किमी, म्हणजे सरळ अंतराच्या तिप्पट होते.

जानेवारी २००३ मध्ये चिनी नववर्षानिमित्त तैवानी कंपन्यांची विशेष विमाने शांघायला गेली, पण त्यांना वाटेत हाँग काँग किंवा मकाओला उतरणे बंधनकारक होते. २००५ मध्ये ही अट शिथिल झाली, तरी विमाने हाँग काँगच्या हवाई क्षेत्रातूनच वळसा घेत. जुलै २००८ मध्ये सुरू झालेल्या सप्ताहान्त सेवेलाही हाच वळसा होता. नोव्हेंबर २००८ च्या करारानंतर १५ डिसेंबरपासून पूर्व चीन समुद्रावरून सरळ वाट खुली झाली आणि प्रत्येक फेरीत एका तासाहून अधिक वेळ वाचू लागला. ३१ ऑगस्ट २००९ पासून नियमित सेवा, तर जून २०१० पासून सोंगशान–होंगछ्याओ सेवा सुरू झाली.