कान बांधा, पण खिडकी उघडी ठेवा



"कान बांध गं, वारा लागेल." भूमच्या आमच्या घरात बाळंतिणीला हे दिवसातून दहादा ऐकावं लागतं. चीनमधल्या आया-सासवाही हेच सांगत आल्या आहेत. तिथे या विश्रांतीला 'झुओ युएझी' म्हणतात, म्हणजे 'महिनाभर बसणं'.

चिनी वैद्यकानुसार बाळंतपणात रक्त आणि 'ची', म्हणजे प्राणशक्ती, खर्च होते. शरीर थंड पडतं आणि त्यात वारा शिरतो. आपला आयुर्वेदही प्रसूतीनंतर वात वाढतो असंच सांगतो. सातव्या शतकात सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या ग्रंथात स्त्रियांचे उपचार आरंभीच मांडले आणि बाळंतिणीला १०० दिवस जपायला सांगितलं. १२३७ मध्ये चेन झिमिंग यांनी तर खास स्त्रियांच्या उपचारांचा मोठा ग्रंथ लिहिला.

आहारही उष्णच. आपले डिंकाचे-अळिवाचे लाडू, ओवा, बाळंतशेप. त्यांचं आलं, काळे तीळ, वाळवलेली लाल बोरं. त्यांचं कोंबडीचं सूप आणि तांदळाची दारू आपल्याला वर्ज्य. आलं कंदमूळ म्हणून चालत नाही, पण सुंठ चालते. आपल्या आज्यांनी नेम सांभाळून तीच ऊब दिली.

पण उबेचाही अतिरेक होतो. माझी आत्या ऐन मे महिन्यात बाळंत झाली. खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी आणि पाणी घोट-घोट मोजून. तिचे ओठ फुटले, डोळे खोल गेले. चौथ्या दिवशी आजीनेच खिडकी उघडली आणि तांब्या भरून उशाशी ठेवला. चीनमध्येही उन्हाळ्यात बंद खोलीत, पांघरुणात राहून बाळंतिणींना उष्माघात झाला आहे.

मग जपायचं काय? विश्रांती. आमच्याकडे ४५ दिवसांनी आई-बाळ कुंथलगिरीला दर्शनाला जातात. त्या दिवसांना कुणी विटाळ म्हणतं. मी त्यांना बाळंतिणीच्या हक्काची रजा म्हणते. तेवढे दिवस तिच्या हातात ना झाडू, ना हंडा. दोन्ही देशांतल्या जुन्या बायकांनी मिळवलेलं हेच खरं औषध.

तेव्हा घरच्या बाळंतिणीचे कान खुशाल बांधा, पण तिला पोटभर पाणी द्या, हवा येऊ द्या. ताप आला किंवा रक्तस्राव जास्त झाला, तर काढा उकळत बसू नका, थेट दवाखाना गाठा.