दिनविशेष : ११ नोव्हेंबर

१९५४ : जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा ‘द टू टॉवर्स’ हा दुसरा खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. घोडेस्वारांचे रोहन राज्य आणि आयझेनगार्डचा सारुमान यांच्यातले सीमायुद्ध यात पेटते. आयझेन नदीच्या उतारावर राजपुत्र थिओड्रेड पडतो. वृद्ध राजा थिओडेन हेल्म्स डीपच्या गढीत लढायला उभा ठाकतो. गढीमागच्या गुहांत आसरा घेतलेली म्हातारी माणसे, बायका-मुले टॉल्किन विसरत नाहीत, हे त्यांचे खरे मोठेपण. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर ते स्वतः संदेशवहन अधिकारी होते. पहिल्या महायुद्धाने त्यांचे जिवलग मित्र हिरावले. कथेचा नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो तिथे हा खंड थांबतो. तिसऱ्या खंडासाठी वाचकांना ऑक्टोबर १९५५ पर्यंत वाट पाहावी लागली.