राजा चालेल, बाप चालेल, प्रियकर मात्र चालणार नाही!

‘कलेला जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता बघतात’ असं सांगणारे लोक आम्हाला हमखास भेटतात. गाण्याचा विषय निघाला की तर जास्तच. सूर काय जात बघून लागतो का, असं विचारतात. सूर बघत नाही हो. पण रंगमंचावर कोणाला उभं करायचं हे सूर ठरवत नाही, माणसं ठरवतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा इतिहास बघा.

1883 साली सुरू झालेल्या या संस्थेत पहिल्या कृष्णवर्णीय गायिकेला भूमिका मिळाली ती 7 जानेवारी 1955 रोजी. मेरियन अँडरसन. तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या आणि भूमिका होती ज्योतिषीण उल्रिकाची. म्हणजे बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा मेटच्या मंचावर गाणारा एकही कृष्णवर्णीय गायक नव्हता. गुणवत्ता नव्हती म्हणून?

रोलंड हेज यांचं उदाहरण घ्या. 1887 साली जॉर्जिया राज्यात जन्म, आई गुलामगिरीत वाढलेली. आवाज टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच पट्टीतला आवाज. कोणी बोलावत नाही म्हटल्यावर या माणसाने 1917 साली बोस्टनचं सिंफनी हॉल स्वतः भाड्याने घेतलं आणि गायला. 1921 मध्ये इंग्लंडच्या राजासमोर गायला. 1924 मध्ये बर्लिनला श्रोत्यांनी हुर्यो उडवली, तेव्हा हा गप्प उभा राहिला. सभागृह शांत झाल्यावर शूबर्टचं गीत गायला आणि त्याच श्रोत्यांना जिंकलं. एवढं करूनही ऑपेराचा दरवाजा बंद तो बंदच. मैफल करा, नाटकात येऊ नका. आणि 1942 साली जॉर्जियातल्या एका चपलांच्या दुकानात बायको आणि मुलगी गोऱ्यांच्या जागेवर बसल्या, त्या वादातून या जगप्रसिद्ध गायकाला मारहाण करून कोठडीत टाकलं. राजवाड्यातलं गाणं तिथे कामाला आलं नाही.

मेरियन अँडरसन यांच्यानंतर वीसच दिवसांनी रॉबर्ट मॅकफेरिन मेटवर आले. ते बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या पट्टीचे. पहिली भूमिका ‘आयडा’मधला अमोनास्रो: इथिओपियाचा राजा, नायिकेचा बाप. काळ्या माणसाला काळा राजा करायला कोणाचं काय जातं!

टेनरचं तसं नाही. ऑपेरात टेनर हा बहुतेकदा प्रियकर असतो. त्याने नायिकेचा हात धरायचा, तिला मिठीत घ्यायचं. नायिका गोरी असली तर? अमेरिकेतल्या 16 राज्यांत आंतरवंशीय विवाह हा 1967 पर्यंत गुन्हा होता. इथे आम्हाला बाबासाहेबांचा 1916 चा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध आठवतो. त्यात त्यांनी जातीचं मर्म अंतर्विवाहात दाखवलं होतं. तो निबंध त्यांनी वाचला तोही याच न्यूयॉर्कमध्ये.

ही कोंडी फोडली जॉर्ज शर्ली यांनी. जन्म 1934, वाढले डेट्रॉइटमध्ये. तिथल्या हायस्कुलांत संगीत शिकवणारे ते पहिले कृष्णवर्णीय शिक्षक, आणि अमेरिकी लष्कराच्या गायकवृंदातलेही पहिलेच. ऑपेरात जा, असा आग्रह त्यांना लष्करातल्या सोबत्यांनी केला. 1961 मध्ये मेटची निवडस्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोझार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’त फेरान्दो म्हणून उभे राहिले. फेरान्दो हा प्रियकरच! मग तिथे 11 वर्षं, 26 ऑपेरांत 28 भूमिका. याच ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. त्यात शर्लींसोबत लिओन्टीन प्राइस ही कृष्णवर्णीय सोप्रानोही होती. पुढे ते मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. शिक्षक म्हणून सुरुवात केलेला माणूस शेवटी वर्गातच परतला, हे आम्हाला फार आवडतं.

बायकांना मात्र त्या मानाने लवकर जागा मिळाली. प्राइस यांच्यानंतर कृष्णवर्णीय सोप्रानोंची रांग लागली, टेनर मात्र बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. याला ‘आवाजच मिळत नाहीत’ हे कारण सांगतात. आपल्याकडचं ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ हे वाक्य ऐकलेल्यांना वेगळं काही सांगायला नको.

आणि गंमत बघा. ऑपेरात एक टेनर भूमिका अशी आहे की जिथे नायक मूळ कथेतच काळा आहे. व्हेर्दीचा ‘ओतेल्लो’. पहिला प्रयोग 1887 चा, म्हणजे हेज यांच्या जन्मवर्षातलाच. ही भूमिका गोरे टेनर तोंडाला काळा रंग फासून करत आले. मेटने तो रंग थांबवला 2015 साली. त्या वर्षीही ओतेल्लो गोराच होता, फक्त तोंड धुतलेला.