शब्दकोश : न्यायाधीश की इतिहासकार?

१/ ‘हसून हसून मी लिटरली मेलो!’ असे सांगणारा माणूस जिवंत असतो. २०१३ साली इंग्रजी वृत्तपत्रांत याच शब्दावरून गदारोळ उठला. ‘लिटरली’ म्हणजे शब्दशः. पण केवळ जोर देण्यासाठी होणारा त्याचा उलटा वापरही ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने नोंदवला होता. कोशानेच भाषा बिघडवली, असा आरोप झाला. वस्तुतः ही सुधारित नोंद २०११ चीच होती!

२/ मग कोणता अर्थ कोशात घ्यायचा, हे ठरवते कोण? १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला. नामांकित लेखकांच्या उदाहरणांनी तो अर्थ सिद्ध करी. परंतु न रुचलेल्या शब्दांवर ‘हलका’ असा शेराही मारी. येथे कोशकार न्यायाधीश होता.

३/ १८५७ साली रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे वेगळी भूमिका मांडली : कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, टीकाकार नव्हे. ऑक्सफर्डचा कोश याच विचारातून उभा राहिला.

४/ १८७९ पासून जेम्स मरे त्याचे संपादक झाले. स्वयंसेवक जुने-नवे ग्रंथ वाचून वाक्य, लेखक आणि साल चिठ्ठीवर उतरवून पाठवीत. अशा लक्षावधी चिठ्ठ्या जमल्या. अर्थाला प्रवेश मिळे तो या पुराव्यावर, संपादकाच्या आवडीवर नव्हे.

५/ ‘एल’ अक्षराचे काम हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होते. ‘लिटरली’चा वादग्रस्त वापर त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवला, मात्र तो अयोग्य असल्याच्या शेऱ्यासह. म्हणजे इतिहासकाराच्या अंगरख्याखाली न्यायाधीश थोडा उरलाच होता! त्यांच्याकडील सर्वांत जुना दाखला १८६३ चा होता.

६/ पुढील संशोधनात हा दाखला थेट १७६९ पर्यंत, फ्रान्सिस ब्रुक यांच्या कादंबरीपर्यंत मागे गेला. तरुण पिढीच्या माथी मारलेला दोष अडीचशे वर्षांचा निघाला.

७/ मार्क ट्वेनच्या १८७६ च्या कादंबरीत टॉम सॉयर कुंपण रंगवू देण्याच्या बदल्यात मित्रांकडून पतंग, गोट्या मिळवतो. त्या ‘श्रीमंती’चे वर्णन करताना ट्वेन हाच शब्द योजतो. कोशाने हा अर्थ गाळला, तर वाचकाने ट्वेनला चुकीचा ठरवायचे काय?

८/ नोंद म्हणजे शिफारस नव्हे. हा वापर बोलीतला आहे, अनेकांना तो खटकतो, हेही कोशाने सांगावे. पण पुरावा असताना अर्थ लपवणे म्हणजे इतिहासाचे पान फाडणे होय.

९/ आणि हसण्यापूर्वी आपलेही एक वाक्य आठवावे : ‘पावसाने शहराला अक्षरशः झोडपले.’ ज्या लॅटिन शब्दापासून ‘लिटरली’ आला, त्याचाही अर्थ ‘अक्षर’च. मराठी कोशकाराने ‘अक्षरशः’चा हा अर्थ नोंदवावा की नाही? आपले मत जरूर सांगावे, पुराव्यासह!