बोट आणि बिंदू : स्पर्शपटलाच्या जुळणीचा इतिहास

संगणकाच्या स्पर्शपटलात, म्हणजे टचस्क्रीनमध्ये, दोन वेगळी कामे करणाऱ्या यंत्रणा असतात : एक चित्र दाखवते आणि दुसरी बोटाची जागा ओळखते. डोळ्यांना दोन्ही एकच भासत असल्या, तरी त्यांची मोजमापे स्वतंत्र असतात आणि त्यांचा मेळ बसला नाही, तर बोट एका बटणावर ठेवले असता आज्ञा शेजारच्या बटणाची सुटते. हा मेळ बसवण्याच्या क्रियेला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. स्पर्शपटलाचा इतिहास या जुळणीच्या अंगाने पाहिला, तर चित्र सरकवण्यापासून आकडे सरकवण्यापर्यंतची त्याची वाटचाल स्पष्ट दिसते.

इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखातून स्पर्शपटलाची कल्पना मांडली आणि १९६७ मध्ये ती सविस्तर विशद केली. हवाई वाहतूक नियंत्रकाला संगणकाशी झटपट व्यवहार करता यावा, हा तिचा हेतू होता. चित्रनळीच्या काचेवर ठरावीक जागी बसवलेल्या तारांना बोट लागले की त्यांच्या विद्युत गुणधर्मात होणारा बदल यंत्रणा टिपत असे, आणि त्या तारेचा त्या घटकेचा अर्थ संगणक तिच्याजवळ अक्षरांत लिहून दाखवत असे. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी सुमारे सात किलोमीटर परिघाच्या सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी असाच मार्ग धरला. काचेवर तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषा कोरून त्यांनी १६ अदृश्य बटणे तयार केली, जेणेकरून असंख्य कळा आणि खुंट्यांचे काम मोजक्या मेजांवरून व्हावे. स्पर्शाच्या जागा अशा पक्क्या असल्या, की जुळवून घ्यायचे ते चित्राने. चित्रनळीत इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून चित्र रेखाटले जात असल्यामुळे त्याची जागा आणि रुंदी बदलता येत असे, पण त्याच कारणाने ती आपोआप ढळण्याचाही संभव असे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणप्रणालीत १९७२ च्या सुमारास ही अडचण रचनेतूनच दूर झाली. तिच्या प्लाझ्मा पटलावर ५१२ × ५१२ बिंदू कायमच्या जागी होते आणि चौकटीतून सोडलेल्या अवरक्त किरणांनी त्यावर १६ × १६ चौकोनांची जाळी आखली होती. बोटाने किरण अडले की चौकोन कळत असे, आणि त्याच्या वाट्याला ३२ × ३२ बिंदू येत असल्याने थोडीफार चूक सहज खपून जात असे.

बारकाईची गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली ती सॅम्युएल हर्स्ट यांच्या मार्गामुळे. केंटकी विद्यापीठात असताना आलेखांवरील नोंदी संगणकासाठी आकड्यांत उतरवण्याच्या गरजेतून त्यांनी विद्युतवाहक पृष्ठाचा उपयोग केला आणि पुढे १९७१ मध्ये इलोग्राफिक्स ही कंपनी स्थापन केली. या परंपरेतील रोधक पटलात वरचा लवचीक थर दाबाने खालच्या थराला टेकतो आणि त्या ठिकाणच्या विद्युतदाबावरून आडवे व उभे स्थान मोजले जाते. येथे ठरावीक बटणे नसून सलग पृष्ठ असते आणि मिळणारा आकडा विद्युतदाबाचा असतो, पडद्यावरील बिंदूचा नव्हे. शिवाय पटल किंचित तिरके चिकटले, तर चूक सर्वत्र सारखीही राहत नाही.

यावरचा उपाय गणिताने दिला. मोजलेल्या आडव्या-उभ्या आकड्यांना योग्य गुणकांनी गुणून आणि त्यांत स्थिरांक मिळवून पडद्यावरील स्थान काढायचे असेल, तर दोन्ही दिशांसाठी मिळून सहा अज्ञात संख्या शोधाव्या लागतात. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंना स्पर्श केला की प्रत्येकी दोन, अशी सहा समीकरणे हाती येतात, आणि त्यांतून सरकणे, ताणले जाणे व तिरपेपणा हे तिन्ही दोष दुरुस्त होतात. पडद्यावर उमटणाऱ्या फुल्यांवर एकामागून एक बोट टेकवण्याच्या परिचित क्रियेचा अर्थ हाच आहे. काचेच्या जाडीमुळे तिरक्या नजरेला बिंदू सरकलेला दिसतो. म्हणून ही क्रिया नेहमीच्या वापराच्या जागी, पडद्यासमोर बसून करणे इष्ट ठरते.

२००७ नंतर स्मार्टफोनसोबत सर्वत्र पोहोचलेल्या धारक (कपॅसिटिव्ह) पटलांत पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी आणि द्रवस्फटिकाचे बिंदू या दोन्हींच्या जागा कारखान्यातच पक्क्या होतात, त्यामुळे फुल्यांचा हा विधी सामान्य वापरातून मागे पडला. तथापि एकाच संगणकाला दोन मॉनिटर जोडले, की स्पर्श कोणत्या पडद्याचा हे विंडोजसारख्या प्रणालीला सांगावे लागते, आणि चित्र उभे फिरवले तर स्पर्शाचे अक्षही त्याबरोबर फिरवावे लागतात. माल्व्हर्नच्या तारांपाशी चित्राला जे करावे लागत होते, ते आज आकडे करतात; परंतु बोट आणि बिंदू एकाच जागी आहेत हा वापरणाऱ्याचा विश्वास तेव्हाइतकाच आजही जुळणीवर उभा आहे.