चेंडूच्या ताब्यावर आधारित खेळपद्धती (फुटबॉल)

चेंडूच्या ताब्यावर आधारित खेळपद्धती ही फुटबॉलमधील एक व्यूहरचना आहे. तीत आखूड पासच्या मालिकेद्वारे चेंडू स्वतःकडे राखून प्रतिस्पर्ध्याच्या बचावात फट शोधली जाते. स्पेनच्या 'टिकी-टाका' शैलीमुळे ती जगभर परिचित झाली.

मर्यादा

आक्रमणात बचावपटूही पुढे सरकत असल्याने त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा राहते. चेंडू गमावताच तेथून वेगवान प्रतिआक्रमण होऊ शकते. प्रतिस्पर्धी आपल्या गोलसमोर दाटीने उभे राहिल्यास पासची संख्या वाढते, परंतु संधी मिळतेच असे नाही. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजारांहून अधिक पास दिले, तरी १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेनचा पराभव झाला. शिवाय कॉर्नर किंवा फ्री किकवरून होणारा एखादा गोल दीर्घकाळ राखलेला ताबा निष्फळ ठरवू शकतो.

मुंबईतील उदाहरण

अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरेनावर खेळणाऱ्या मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीगच्या २०२२-२३ हंगामात डेस बकिंगहॅम यांच्या प्रशिक्षणाखाली २० सामन्यांत ५४ गोल करून लीग शील्ड जिंकली. मात्र ७ मार्च २०२३ रोजी उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात या संघाला घरच्या मैदानावर एकही गोल करता आला नाही. कॉर्नरवरून सुनील छेत्रीने केलेल्या एकमेव गोलने बंगळूरू एफसी विजयी झाला. परतीचा सामना मुंबईने २-१ असा जिंकला. परंतु एकूण २-२ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये ८-९ असा पराभव होऊन संघाचे आव्हान संपुष्टात आले.