लूव्हेन विद्यापीठ आणि त्याचे ग्रंथालय

लूव्हेन विद्यापीठ : बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या पूर्वेस सुमारे २५ किमी. अंतरावर असलेल्या लूव्हेन (फ्रेंच उच्चार लूव्हँ) या शहरातील विद्यापीठ. पोप पाचवा मार्टिन याने ९ डिसेंबर १४२५ रोजी काढलेल्या बुलने, म्हणजे पोपच्या मुद्रांकित आज्ञापत्राने, त्याची स्थापना झाली. ब्राबांतचा ड्यूक चौथा यान, नगरसभा आणि सेंट पीटर चर्चमधील धर्माधिकारी यांनी मिळून त्यासाठी विनंती केली होती. लूव्हेनचा एके काळी भरभराटीला आलेला कापडाचा व्यापार ओसरू लागला होता आणि विद्यापीठामुळे शहराला पुन्हा चांगले दिवस येतील, ही नगरसभेची अपेक्षा त्यामागे होती. सुरुवातीला कला, धर्मसंस्थेचा कायदा, रोमन कायदा आणि वैद्यक एवढ्याच विद्याशाखांना मान्यता मिळाली. ईश्वरशास्त्राची शाखा १४३२ मध्ये पोप चौथा युजीन याच्या परवानगीने सुरू झाली. त्याच सुमारास कापड व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहाचा काही भाग विद्यापीठाला वापरासाठी मिळाला. १३१७ मध्ये बांधण्यास घेतलेली ही वास्तू पुढे विद्यापीठाचे केंद्र आणि ग्रंथालयाचेही घर ठरली.

सोळाव्या शतकात आल्प्सच्या उत्तरेकडील अग्रगण्य विद्यापीठांत लूव्हेनची गणना होत असे. येथे प्राध्यापक आणि कुलगुरू राहिलेला उट्रेख्टचा एड्रियन १५२२ मध्ये सहावा एड्रियन या नावाने पोप झाला. मानवतावादी पंडित इरॅस्मस १५१७ ते १५२१ या काळात येथे राहत होता आणि जेरोम बुस्लायडन याच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘त्रैभाषिक महाविद्यालया’ला त्याचेच मार्गदर्शन लाभले. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तिन्ही भाषा मूळ ग्रंथांच्या आधारे शिकवणारी ही संस्था पॅरिसच्या ‘कोलेज द फ्रान्स’ला नमुना ठरली. टॉमस मोर याच्या ‘युटोपिया’ची पहिली आवृत्ती १५१६ मध्ये लूव्हेनमधील मुद्रक डर्क मार्टेन्स याच्या छापखान्यातून निघाली, शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलिअस येथेच शिकला आणि मानचित्रकार मर्केटर याने गणितज्ञ गेम्मा फ्रिसिअस याच्या हाताखाली येथेच पृथ्वीगोल घडवले. मात्र याच काळाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. लूव्हेनच्या ईश्वरशास्त्र शाखेने १५१९ मध्ये मार्टिन ल्यूथरच्या मतांचा निषेध केला, १५२० मध्ये शहरात त्याची पुस्तके जाळण्यात आली आणि १५४६ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या आदेशावरून याच शाखेने निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली. ग्रंथांवर प्रेम करणारे आणि ग्रंथांना भिणारे असे दोन्ही प्रकारचे विद्वान या एकाच विद्यापीठात शेजारी शेजारी नांदत होते.

एवढी कीर्ती असूनही पहिली दोन शतके विद्यापीठाला स्वतःचे मध्यवर्ती ग्रंथालय नव्हते. निरनिराळ्या महाविद्यालयांचे, मठांचे आणि प्राध्यापकांचे खासगी संग्रह हाच अभ्यासकांचा आधार होता. ही उणीव दोन मृत्युपत्रांनी भरून काढली. इतिहासकार व धर्मोपदेशक लॉरेन्स बायरलिंक आणि वैद्यकाचा प्राध्यापक याकोबस रोमानस यांनी आपापले संग्रह विद्यापीठाच्या नावे केले व मिळून सुमारे १,७०० ग्रंथांच्या बळावर १६३६ मध्ये कापड-सभागृहात ग्रंथालय सुरू झाले. पहिला ग्रंथपाल व्हॅलेरियस आंद्रेआस हा स्वतः सूचिकार होता आणि नेदरलँड्समधील ग्रंथकारांचा ‘बिब्लिओथेका बेल्जिका’ हा चरित्रकोश त्याने आधीच सिद्ध केला होता. त्याच वर्षी त्याने ग्रंथालयाची छापील तालिका प्रसिद्ध केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकाचा प्राध्यापक व कुलगुरू आंरी-जोझेफ रेगा याच्या पुढाकाराने सभागृहाला लागून ग्रंथालयासाठी स्वतंत्र व भव्य दालन बांधण्यात आले.

या संग्रहावर पहिला घाला फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत पडला. बेल्जियमचा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेल्यावर प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधींनी निवडक ग्रंथ व हस्तलिखिते पॅरिसला नेली, तर इतर अनेक ग्रंथ ब्रुसेल्सकडे वळवले. २५ ऑक्टोबर १७९७ रोजी विद्यापीठच बंद करण्यात आले. अखेरचा कुलगुरू हाव्हलांज याला दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात हद्दपार करण्यात आले आणि तेथेच त्याचा मृत्यू झाला. पुढे नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने १८१७ मध्ये लूव्हेनमध्ये सरकारी विद्यापीठ काढले. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तेही १८३५ मध्ये बंद झाले व बिशपांनी आदल्या वर्षी मेखलेन येथे स्थापलेले कॅथलिक विद्यापीठ त्याच्या जागी आले. जुन्या आणि नव्या विद्यापीठांत कायद्याच्या दृष्टीने सातत्य नाही. जे सातत्य आहे ते इमारती, परंपरा आणि विशेषतः ग्रंथालय यांनी टिकवले.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य १९ ऑगस्ट १९१४ रोजी लूव्हेनमध्ये शिरले. २५ ऑगस्टच्या रात्री गोळीबाराचा गोंधळ उडाला, नागरिकच लपून गोळ्या झाडत असल्याचा समज सैनिकांत पसरला आणि त्यांनी शहर पेटवण्यास प्रारंभ केला. पुढील काही दिवसांत २४८ नागरिक मारले गेले आणि हजारांहून अधिक घरे जळाली. कापड-सभागृहासह ग्रंथालय त्या पहिल्याच रात्री आगीत सापडले. नष्ट झालेल्या ग्रंथांचे अंदाज सव्वादोन ते तीन लाखांच्या दरम्यान आहेत. त्यांत सुमारे १,००० हस्तलिखिते आणि ८०० आद्यमुद्रिते, म्हणजे १५०१ पूर्वी छापलेली पुस्तके, होती. छापील ग्रंथाची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळू शकते, हस्तलिखिताची मिळत नाही. म्हणून या रात्रीची हानी कधीच भरून न येणारी आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वान व कलावंतांनी जाहीरनामा काढून आपले सैन्य लूव्हेनशी क्रूरपणे वागल्याचा आरोप नाकारला. नागरिकांच्या संघटित हल्ल्याचा दावा पुढील इतिहाससंशोधनात निराधार ठरला आणि या पत्रकावर सह्या करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कीर्तीला त्यामुळे बट्टा लागला.

लूव्हेनची आग जगभर संस्कृतीवरील हल्ला म्हणून ओळखली गेली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील २४७ व्या कलमाने नष्ट झालेल्या ग्रंथांच्या संख्येएवढे आणि तेवढ्याच मोलाचे ग्रंथ, हस्तलिखिते व नकाशे लूव्हेनला देण्याचे बंधन जर्मनीवर घातले. याच कलमानुसार डर्क बाउट्स याच्या ‘अंतिम भोजन’ या चित्राचे जर्मनीत गेलेले भाग बेल्जियमला परत मिळाले आणि ते अखंड चित्र आज लूव्हेनच्या सेंट पीटर चर्चमध्ये आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने युद्ध चालू असतानाच ग्रंथ जमवण्यास सुरुवात केली आणि ५५ हजारांहून अधिक पुस्तके पाठवली. जपाननेही हजारो जपानी ग्रंथांचा संग्रह भेट दिला. नव्या इमारतीचा खर्च अमेरिकेतील देणग्यांतून झाला. त्यांत विद्यार्थ्यांच्या वर्गण्यांचा मोठा वाटा होता व देणगीदार शाळा-महाविद्यालयांची नावे इमारतीच्या दगडांवर कोरलेली आजही वाचता येतात. न्यूयॉर्कच्या ‘ग्रँड सेंट्रल’ स्थानकाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो वास्तुविशारद व्हिटनी वॉरन याने फ्लेमिश प्रबोधनकालीन शैलीत तिचा आराखडा केला आणि ४ जुलै १९२८ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. जर्मनांच्या क्रोधाने उद्ध्वस्त व अमेरिकेच्या दानाने पुनःस्थापित, अशा अर्थाचा लॅटिन लेख दर्शनी कठड्यावर बसवण्याचा वॉरनचा आग्रह होता. कुलगुरू लादझ यांनी मात्र ग्रंथालयावर वैराची खूण नको म्हणून त्याला ठाम विरोध केला व तो लेख लावला गेला नाही. त्यांची ही भूमिका त्या वेळी अनेकांना रुचली नाही. विद्यापीठाच्या कुलगुरूला शोभणारी भूमिका तीच होती.

मे १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या वेळी, १६ व १७ तारखांच्या मधल्या रात्री, ही नवी इमारतही जळाली. तोपर्यंत संग्रह सुमारे ९ लाखांवर गेला होता. जर्मनीने भरपाईदाखल दिलेल्या ग्रंथांसह त्यातील जवळजवळ सर्व नष्ट झाला. युद्धानंतर वॉरनच्याच आराखड्यानुसार पुनर्बांधणी होऊन १९५१ मध्ये ग्रंथालय पुन्हा सुरू झाले.

चौथे संकट बाहेरून आले नाही. बेल्जियमच्या उत्तर भागात डच व दक्षिण भागात फ्रेंच बोलली जाते. उच्च शिक्षणात मात्र दीर्घकाळ फ्रेंचचेच वर्चस्व होते. या वर्चस्वाविरुद्धच्या चळवळीचा संस्कार घेऊन येथे अभियांत्रिकी शिकलेला एक फ्लेमिश तरुण पुढे भारतात आला व ‘रामकथा’कार फादर कामिल बुल्के म्हणून हिंदीच्या अभ्यासकांना परिचित झाला. १९३० च्या दशकापर्यंत लूव्हेनमध्ये दोन्ही भाषांत अध्यापन सुरू झाले होते. पण १९६२-६३ मध्ये भाषिक सीमारेषा कायद्याने निश्चित झाली आणि शहर डच भाषकांच्या बाजूला आले, तेव्हा फ्रेंच विभागाने येथून जावे, ही मागणी पेटली. १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाचा सिद्धांत मांडणारे लूव्हेनचे प्राध्यापक जॉर्ज लमॅत्र विभाजनाच्या विरोधात होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये या प्रश्नावर सरकार कोसळले. १९७० मध्ये दोन स्वतंत्र विद्यापीठे अस्तित्वात आली व फ्रेंच विद्यापीठासाठी सुमारे २५ किमी. दक्षिणेला लूव्हँ-ला-नव्ह हे नवे शहर वसवण्यात आले.

ग्रंथालयाचीही वाटणी झाली. ज्या ग्रंथांची कोणा एका पक्षाशी असलेली नाळ स्पष्ट होती ते त्या पक्षाला गेले. उरलेल्यांबाबत मांडणी-क्रमांक विषम असल्यास ग्रंथ लूव्हेनमध्ये व सम असल्यास फ्रेंच विद्यापीठाकडे, असा निकष लावण्यात आला. दोन महायुद्धांनंतर पदरमोड करून जमवलेल्या संग्रहाचा हा उरलेला भाग विषयाचा, अभ्यासकाचा किंवा देणगीदाराचा विचार न करता केवळ आकड्यांवर विभागला जावा, हा निर्णय समर्थनीय ठरत नाही. १९१४ आणि १९४० च्या आगी रोखणे विद्यापीठातील कोणाच्याच हाती नव्हते. ही वाटणी टाळणे विद्वानांच्याच हाती होते.

वॉरनच्या आराखड्यानुसार बांधलेली लूव्हेनमधील मनोऱ्याची इमारत आज डच भाषक विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तर पुन्हा बांधलेल्या कापड-सभागृहात त्याचे प्रशासन चालते. मूळ विद्यापीठाच्या स्थापनेला २०२५ मध्ये ६०० वर्षे पूर्ण झाली आणि दोन्ही विद्यापीठे १४२५ हेच आपले स्थापनावर्ष मानतात. विभाजनापूर्वीच्या संग्रहातील ग्रंथाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला मात्र दोन्ही शहरांतील तालिका पाहाव्या लागतात.